वीस वर्षांची वेगवान गाडी घेताना आणि सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००० नंतरच्या सात-आठ वर्षांत निघालेल्या वेगवान गाड्या शोधणारे लोक जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मनात तीनच गाड्या असतात: फियाट पॅलिओ १.६, होंडा सिटी व्हीटेक आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. म्हणून उदाहरणंही त्यांचीच दिली आहेत. आरटीओचे नियम महाराष्ट्र धरून सांगितले आहेत.

१. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारांची, छत उघडणारी. या तर साध्या घरगुती गाड्या आहेत ना?

दिसायला घरगुती, चालवायला नाही. त्या काळात आपल्याकडे बनलेली खरी दोन सीटांची उघडी गाडी म्हणजे गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटरचं, सुमारे ६० अश्वशक्तीचं इंजिन. सुंदर आणि दुर्मीळ, पण वेगाच्या बाबतीत साधी. ज्यांना वेग हवा होता त्यांनी चार दारांच्या गाड्याच घेतल्या. २००१ ची पॅलिओ १.६ कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली, १०० अश्वशक्तीची. सिटी व्हीटेक १०६ ची. ऑक्टाव्हिया आरएसची जुळणी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाली. १.८ लिटर टर्बो, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. यातल्या दोन गाड्या महाराष्ट्रात बनल्या आणि मुंबई-पुणे रस्त्यावर वाढल्या. त्या भंगारात न जाता चालत्या राहाव्यात असं मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं आहे.

२. पहिलीच जुनी गाडी आहे. तिन्हींपैकी कोणती घेऊ?

रोज वापरणार असाल तर सिटी. इंजिन हलकं, जास्त फेऱ्यांवर फिरवायला आनंदी, आणि गावोगावी होंडाचा हात असलेला मेकॅनिक सापडतो. लांबचे प्रवास जास्त असतील आणि खर्चाची तयारी असेल तर ऑक्टाव्हिया. एक्सप्रेसवेवर ती आजही नव्या गाड्यांच्या बरोबरीनं बसते. पॅलिओ ही घाटाची गाडी आहे. स्टीअरिंगला वजन आहे, ताम्हिणीच्या वळणांवर ती जमीन सोडत नाही, पण पेट्रोल भरपूर पिते आणि पार्ट शोधावे लागतात (प्रश्न ९ पाहा). आमचं मत विचाराल तर मॉडेलपेक्षा तुमच्या घरापासून तासाभरात त्या गाडीचा जाणकार मेकॅनिक आहे का, यावर निवड करा. आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी.

३. बजेट किती धरायचं?

विकणारा सांगतो ती किंमत म्हणजे पहिला हप्ता समजा. साधारण निम्मी रक्कम आणखी बाजूला ठेवा, आणि ती पहिल्या वर्षातच लागेल असं गृहीत धरा. टायमिंग बेल्ट, सगळी तेलं, चार टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे पाइप एवढं तर बहुतेक प्रत्येक गाडीला लागतंच. सगळे पैसे गाडीतच संपणार असतील तर स्वस्त मॉडेलकडे वळा, पण त्यातली सगळ्यात चांगली गाडी घ्या. पडीक ऑक्टाव्हियापेक्षा सांभाळलेली सिटी शंभर पटीनं बरी.

४. गाडी बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं? इंजिन?

नाही. आधी पत्रा. इंजिन उतरवून बांधता येतं, क्लच बदलता येतो, गिअरबॉक्स दुसरा मिळतो. पत्रा एकदा आतून सडला की डेंटिंग-पेंटिंगवाला त्यावर पुट्टी भरून देतो आणि दोन पावसाळ्यांत तो फुगून पुन्हा वर येतो. कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यातल्या गाड्यांत हे जास्त.

सकाळच्या उजेडात बघा, रात्री किंवा पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली नको. गाडी नुकती धुतलेली, ओली असेल तर कोरडी होईपर्यंत थांबा, कारण पाण्यात रंगाचा फरक लपतो. मागच्या चाकांच्या कमानीच्या आतून बोट फिरवा, खरवडल्यासारखं लागलं तर गंज सुरू झालाय. सिटीत ही जागा हमखास. दारांच्या खालच्या कडा, दरवाज्याखालची पट्टी, डिकीतल्या स्टेपनीची खाच, बॅटरीचा ट्रे, पुढच्या स्ट्रटचे (सस्पेन्शनच्या खांबांचे) वरचे बुडखे हे सगळं नीट बघा. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवलं की जिथे पुट्टी जाड आहे तिथे ते धरत नाही. बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. रंग उडालेला, पाना लागल्याची खूण असेल तर तो भाग कधीतरी उघडलाय. त्याचं कारण विचारा. अपघात झालेली गाडी घेऊच नये असं नाही, पण पुढचे चेसिसचे दांडे वाकवून सरळ केलेले दिसले तर मात्र परत फिरा.

५. पुरात बुडालेली गाडी ओळखता येते का?

येते, कारण चिखल कुठेतरी उरतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा मुंबईत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांमध्ये आज आपण शोधतो त्याच वयाच्या गाड्या होत्या. पुढे २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर डाग राहतो. सीटच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालचा वास, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांमधली बारीक माती, दिव्यांच्या आतली ओल बघा. सिटी बुडाली असेल तर वायरिंग दुरुस्त होऊ शकतं. ऑक्टाव्हियात इलेक्ट्रॉनिक्स इतकं आहे की बुडालेली गाडी फुकट मिळाली तरी नको.

६. मीटरवर फक्त ६० हजार किलोमीटर आहेत. भाग्यवान समजू का?

मीटरला पुरावा मानू नका, ते मागे नेणं सोपं आहे. सर्व्हिस बुक, जुनी बिलं आणि विम्याचे कागद मागा, त्यांवर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात. ते नसतील तर गाडीच बोलते. पेडलचं रबर, स्टीअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हरच्या सीटचा खचलेला कोपरा. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी शाबूत असूनही बदलावे लागतील. आणि गाडी खरोखरच कमी फिरली असेल, तर ती इतकी वर्षं उभी होती. उभ्या गाडीची सीलं वाळतात, टाकी गंजते. दीड लाख किलोमीटर चाललेली आणि दरवर्षी तेल बदललेली गाडी आम्ही आधी निवडू.

७. मी मेकॅनिक नाही. इंजिन चांगलं आहे हे कसं कळेल?

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी थंड ठेवा, मी आल्यावरच चालू करू. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर थंड इंजिनचा दोष लपवलाय असं समजा. चालू करताना मागे एक माणूस उभा करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. तेलाचं झाकण उघडून आत काळा चिकट थर दिसला तर तेलबदल चुकवले गेलेत. वीस मिनिटं चालवा, एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभी करा, तापमानाचा काटा मध्यावरून हलता कामा नये.

व्यवहार पक्का करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या. कुठलाही बरा गॅरेजवाला तासाभरात करून देतो. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. फरक दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त असेल तर किंमत पुन्हा बोला. विकणारा ही टेस्ट करूच देत नसेल, तर दुसरी गाडी बघा.

८. ऑक्टाव्हिया आरएस फार खर्चिक असं सगळे घाबरवतात. तिचे नेमके आजार कोणते?

आजार ठरलेले आहेत, आणि ठरलेले असल्यामुळेच ती सांभाळता येते. पहिला, इग्निशन कॉइल. एक गेली की गाडी झटके देते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो. गाडीत चार कॉइल असतात, पाचवी जास्तीची सोबत ठेवा, बदलायला पाच मिनिटं लागतात. दुसरा, टर्बोच्या हवेचे आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइप. वयानं भेगाळतात, मग बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) गळतो आणि लोक टर्बोच गेला म्हणून नवा टर्बो घालतात. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा आतला पडदा फाटतो तेव्हाही तेच लक्षण. त्यामुळे कोणी टर्बो बदलायला सांगितलं तर आधी पाइपांची धुराची चाचणी करून मागा. तिसरा, एअरफ्लो सेन्सर. चौथा, खिडक्यांच्या यंत्रणेतले प्लास्टिकचे चाप. एके दिवशी काच दारात पडते.

टायमिंग बेल्टबाबत तडजोड नको. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. आधीच्या मालकानं कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा, आणि टेन्शनर व वॉटर पंप सोबतच बदला, कारण मजुरी एकच लागते. तेल फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं, पूर्ण सिंथेटिक, दर सात-आठ हजार किलोमीटरला. एक्सप्रेसवेवरून खेचून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा, टर्बोतलं तेल जळून चिकटत नाही.

या गाडीला स्कॅनरचं सॉकेट आहे. विकत घेण्याआधी स्कॅन करा. दोषांचे सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा.

९. पॅलिओचे पार्ट आता मिळतात का?

झिजणारे पार्ट मिळतात: बेल्ट, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच. सिएना, पेट्रा, अ‍ॅडव्हेंचर या भावंडांचे बरेच पार्ट चालतात. हेडलाइट, बंपर, आतलं प्लास्टिक, १.६ चेच असलेले इंजिनचे पार्ट मात्र शोधावे लागतात. कुर्ल्याची सीएसटी रोड आणि पुण्याची नाना पेठ पालथी घालावी लागते. घेताना हेच बघा: इंजिनचा त्रास चालेल, पण फुटलेला हेडलाइट आणि गायब ट्रिम असलेली पॅलिओ नको. आणखी एक काळजी. १.२ ला १.६ चा बॅज लावून विकतात. आरसीवरची घनक्षमता १२४२ असेल तर ती १.२ आहे.

१०. माझी सिटी व्हीटेक सकाळी लगेच सुरू होते, पण दुपारी उन्हात उभी राहिली की होत नाही. संध्याकाळी पुन्हा ठीक. असं का?

त्या काळातल्या होंडांची ही जगभर ओळखीची तक्रार आहे. डॅशबोर्डखाली मेन रिले असतो, त्याच्या आतल्या डागाला, म्हणजे सोल्डरच्या जोडाला, बारीक तडे जातात. उन्हात डबी तापली की तडा उघडतो आणि पेट्रोल पंपाला वीज मिळत नाही. चावी फिरवल्यावर मागून दोन सेकंद पंपाची घरघर येते का ऐका. नसेल येत तर रिले उघडून पुन्हा डाग द्या किंवा नवा घाला. याऐवजी पेट्रोल पंप, प्लग, बॅटरी बदलण्यात लोकांचे भरपूर पैसे जातात. तरीही सुटलं नाही तर डिस्ट्रिब्युटरमधला इग्नाइटर तपासा.

व्हीटेकचा बॅजही तपासा. साध्या १.५ वर तो चिकटवलेला असतो. इंजिनाच्या वरच्या झाकणावर व्हीटेक असं उठावात लिहिलेलं असलं पाहिजे. आणि २००३ नंतरच्या ‘डॉल्फिन’ आकाराच्या सिटीतही पुढे व्हीटेक आली. ती वेगळी गाडी आहे, दर जुन्या व्हीटेकचा मागितला तर देऊ नका.

११. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते ना?

खाजगी गाडीला महाराष्ट्रात तशी सक्ती नाही. आरसीची मुदत १५ वर्षांची असते. ती संपण्याआधी आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून नूतनीकरण करायचं, मग पुढची पाच वर्षं मिळतात. नंतर पुन्हा पाच. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनं २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. म्हणून आरसी आधीच संपलेली गाडी घेताना थकलेली रक्कम किमतीतून वजा करा, आणि पासिंग विकणाऱ्याच्याच नावावर, व्यवहाराआधी होऊ द्या. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बंधनकारक आहे.

काही जण विचारतात की व्हिंटेज नोंदणी करून यातून सुटता येईल का. नाही. त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते.

१२. दिल्लीची तीच गाडी निम्म्या किमतीत मिळतेय. आणू का?

दिल्ली परिसरात १५ वर्षांपुढच्या पेट्रोल आणि १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या स्वस्त झाल्या. पत्रा कोरड्या हवेतला, म्हणून बरेचदा चांगला असतो. पण हिशेब पूर्ण करा: तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणण्याचा खर्च, इथला रोड टॅक्स, नवा नंबर. एनओसी हातात येण्याआधी पैसे देऊ नका. तिथे नोंदणीच रद्द झालेली असेल तर ती गाडी फक्त सुट्या पार्टसाठी कामाची. एनओसी न घेता तशीच चालवता येते असं सांगणारे भेटतील. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथे नव्यानं नोंदणी करावीच लागते.

१३. नावावर करताना कुठे अडकतं?

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चेसिसची पेन्सिल प्रिंट, विमा, पीयूसी एवढं तर असतंच. अडकतं ते बोजापाशी. वीस वर्षांपूर्वी कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बोजा उतरवलाच नाही, आणि दरम्यान ती फायनान्स कंपनी बंद तरी झाली किंवा दुसरीत विलीन तरी. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोण देणार? हा प्रश्न विकणाऱ्यानं सोडवायचा, तुम्ही नाही. आरसीची माहिती परिवहनच्या ॲपवर आधीच बघा. त्याच वेळी थकलेली चलनंही दिसतील.

मालक वारला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ नं गाडी वारसाच्या नावावर झाली पाहिजे, मग तुमच्या. मृत माणसाची जुनी सही असलेले कोरे फॉर्म कोणी दाखवले तर हात लावू नका. असं चालतं म्हणून सांगतात, पण पुढे गुन्हा तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

१४. ई२० पेट्रोलनं जुनी गाडी खराब होईल का?

इंजिन एका रात्रीत बसत नाही. त्रास होतो तो रबराला. या गाड्यांचे पेट्रोल पाइप, ओ-रिंग, पंपाची सीलं २० टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नव्हती. ती फुगतात, मऊ होतात, गळतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब म्हणजे आग. म्हणून गाडी घेतल्याबरोबर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे, इंजेक्शनच्या दाबाचे घाला. त्याचा खर्च कमी आहे, आणि तो पुढे ढकलू नका. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, त्यामुळे पहिला फिल्टर लवकर बदला. मायलेज थोडं कमी होईल, ते स्वीकारा.

१५. पावसाळ्यात चार महिने झाकून उभी ठेवतो. बरोबर ना?

चुकीचं. प्लास्टिकच्या कव्हरखाली ओल कोंडते आणि पत्रा आतून गंजतो. इथेनॉलचं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, ते टाकीच्या तळाशी बसतं. ब्रेक ड्रमला चिकटतात. उंदीर वायरी खातात, आणि ऑक्टाव्हियाच्या वायरिंगला एकदा दात लागले की कामाला अंत नसतो. दहा-पंधरा दिवसांत एकदा, उघडीप बघून, अर्धा तास चालवा. फक्त उभ्या जागी चालू करून बंद करणं त्याहून वाईट, कारण सायलेन्सरमधलं पाणी सुकत नाही. ठेवायचीच असेल तर टाकी काठोकाठ भरा, हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावा, कव्हर कापडी वापरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, आपल्या हवेत ते पाणी फार धरतं.

१६. विमा मिळतो का? घाटात वेगात चालवली आणि ठोकली तर?

थर्ड पार्टी मिळतोच आणि तो कायद्यानं लागतोच. फुल इन्शुरन्सला कंपनी गाडी तपासून ठरवते. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा रक्कम तुमच्या आणि कंपनीच्या संमतीनं ठरते, म्हणून बिलं आणि फोटो देऊन ती योग्य मागा. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. शर्यत किंवा वेगाची चाचणी करताना झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, ट्रॅकवर नेणार असाल तर हे लक्षात असू द्या.

१७. दुबईहून किंवा इंग्लंडहून जुनी माझदा एमएक्स-५ आणता येईल का? आणि इथलीच जुनी पोर्शे बॉक्स्टर?

तिकडे राहणारे आपले लोक हे फार विचारतात. वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि उजव्या हाताच्या स्टीअरिंगची लागते. दुबईची डाव्या हाताची म्हणून बाद, इंग्लंडची जुनी म्हणून बाद. तिथे असेपर्यंत तिथेच आनंद घ्या.

बॉक्स्टर इथे आधीच नोंदलेली असेल तर घेता येते. पण २००८ पर्यंतच्या गाड्यांत इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा खरा धोका आहे, ते फुटलं तर इंजिन संपतं. २००६ नंतर ते मोठं आणि भक्कम आलं, पण इंजिन पूर्ण न उघडता बदलता येत नाही. २००९ पासूनच्या इंजिनात ते नाहीच. आयात गाडीचं नूतनीकरण शुल्कही वेगळं: १५ वर्षांनी ४०,०००, २० वर्षांपुढे ८०,००० रुपये.

१८. सगळं आवडलं, पण इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही. मालक म्हणतो इंजिन बदललं होतं. घेऊ का?

इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. न कळवता बदलणं हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या मंजुरीनं आणि आरसीवर नोंद करूनच चालतो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही हे स्पष्ट केलं. मालकाकडे त्या इंजिनाचं बिल आणि जुन्या गाडीची नोंदणी रद्द केल्याचा कागद असेल, तर त्यानं आधी नोंद करून घ्यावी आणि मग तुम्ही पैसे द्यावेत. कागद नसतील तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येईल. चेसिस नंबर जुळत नसेल किंवा त्यावर घासल्याची, वेल्डिंगची खूण असेल, तर पुढची बोलणीसुद्धा करू नका, गाडी कितीही चांगली असो.